तीन वर्षांचा विमा आणि पंचगंगेचा पूर

प्रश्न : नव्या कारचा 3 वर्षांचा विमा एकदमच भरला आहे. पुराचे पाणी शाहूपुरीतल्या आमच्या गल्लीत शिरले, तर भरपाई मिळेल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तो बहुधा केवळ थर्ड पार्टी विमा असावा. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या कारला तो 3 आणि दुचाकीला 5 वर्षांसाठी सक्तीचा झाला. मात्र त्यातून दुसऱ्याचे नुकसान भरून निघते, तुमच्या गाडीचे नाही. पुरासाठी ‘ओन डॅमेज’ (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे) संरक्षण लागते, आणि ते अनेकदा वर्षभराचेच असल्याने पॉलिसीवर त्याची मुदत वेगळी छापलेली असते, ती आधी पाहावी. शिवाय पाण्यात बुडालेली गाडी घाईने सुरू केल्यामुळे इंजिन निकामी झाले, तर ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे इंजिनसाठीचे जादा संरक्षण घेतलेले नसल्यास कंपन्या सहसा तो खर्च नाकारतात. (2019 चा पूर पाहिलेल्यांनीही प्रीमियम वाचवताना नेमके हेच गाळावे, याचे नवल वाटते.) चावी न फिरवता फोटो काढून कंपनीला कळवावे आणि गाडी टोइंग करूनच गॅरेजला न्यावी.