पाहिलेले आणि ताडलेले

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

मूल कोणत्या पालकाकडे राहावे याविषयी न्यायालयासाठी केलेल्या ताबा-मूल्यमापनाचा, नावे वगळून पाठवलेला तुझा मसुदा वाचला. सात वर्षांची मुलगी “मला बाबांकडे जायचे नाही” असे स्पष्ट सांगत असताना आपण आणखी काय शोधायचे, असे तू विचारतेस. तिच्या बोलण्याला वजन आहेच. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेतील कलम १२ने मुलांना मत मांडण्याचा अधिकार दिला आहे आणि वय व समज पाहून त्या मताला महत्त्व द्यावे असे म्हटले आहे; निवाड्याचे ओझे मात्र मुलांच्या खांद्यावर टाकलेले नाही.

मला खटकले ते तुझे वाक्य. “मुलीला वडिलांची भीती वाटते,” असे तू तिसऱ्या पानावर लिहितेस. तुझ्या टिपणात मात्र असे आहे, की वडील खोलीत आल्यावर तिने दप्तराचा पट्टा घट्ट धरला, चित्र अर्धवट सोडले आणि थोड्या वेळाने त्यांच्याच मांडीवर कागद ठेवून ते पूर्ण केले. यातला उत्तरार्ध अहवालातून कुठे गेला? मांडीवर कागद ठेवला म्हणून भीती नाही, असे मी मुळीच म्हणत नाही. मार खाणारी मुलेही मारणाऱ्याला बिलगतात. म्हणूनच सांगतो, पाहिलेले वेगळे लिही आणि ताडलेले वेगळे लिही. दोन्ही एका वाक्यात कालवलेस, तर न्यायाधीशांना तुझा निष्कर्ष तपासायला जागाच उरत नाही, आणि निर्णय त्यांचा आहे, तुझा नाही.

दोन्ही पालकांच्या स्वतंत्र मुलाखती, प्रत्येकाबरोबर मुलीचे निरीक्षण, दोन्ही घरांच्या भेटी, शिक्षक आणि डॉक्टर यांच्याशी बोलणे, हे सर्व तू जाणतेस. मग मुलीला प्रत्येक वेळी आईच का घेऊन आली? एकदा वडिलांना आणू दे आणि तेव्हा ती काय बोलते ते ऐक. तोच प्रश्न फिरवून फिरवून मात्र विचारू नकोस. सुचवणाऱ्या प्रश्नांच्या पुनरावृत्तीने लहान मुले न घडलेलेही सांगू लागतात, हे सेसी आणि ब्रक या मानसशास्त्रज्ञांच्या संशोधनाने दाखवले आहे.

व्यक्तिमत्त्व-चाचणीवरून (एमएमपीआय) तू वडिलांना “दोष लपवणारे” ठरवलेस, याचा मला खरोखर राग आला. मिनेसोटाची ही चाचणी मुळात मनोविकारांच्या निदानासाठी तयार झाली. ताब्याच्या वादात उभे असलेले बहुतेक पालक स्वतःला निर्दोष दाखवतात आणि ही प्रवृत्ती मोजणारे चाचणीतले गुणांक त्यांच्यात वाढलेले आढळतात. आईचेही ते वाढलेले आहेत, तुझ्याच तक्त्यात पाहा. पाहिलेले वेगळे, ताडलेले वेगळे, हे तक्त्यालाही लागू आहे.

माझे अहवाल उशिरा येतात, अशी वकिलांची कुरकुर मी आयुष्यभर ऐकली. उशिराची झळ मुलांनाच लागते, हे मला ठाऊक होते आणि त्याची खंत आजही आहे. तरीही न पाहिलेल्या घराविषयी मी एक ओळ लिहिली नाही आणि आजही लिहिणार नाही. उलटतपासणीत “हे तुम्ही स्वतः पाहिले का?” असे विचारले गेले, तेव्हा मला उत्तर शोधावे लागले नाही. तुलाही लागू नये, एवढ्यासाठीच मी इतका हट्ट धरतो आहे.

वडिलांच्या घरची भेट झाल्यावर तिसरे पान पुन्हा लिहून पाठव. तोवर शिफारशीचे पान कोरे ठेव, आणि मुदत वाढवून हवी असल्यास न्यायालयाला कारणासह आजच अर्ज दे.