कर्ज दिराचं, नाव वहिनीचं

"तक्रार केली तर घर फुटेल, नाही केली तर मी बुडेन." घरच्याच माणसाने आपली कागदपत्रं वापरून कर्ज काढलं, की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे थोड्याफार फरकाने हेच बोलतात. ही गोष्ट नाशिकजवळच्या एका शिक्षिकेची. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

गृहकर्जाचा अर्ज सिबिलमुळे, म्हणजे कर्जफेडीच्या खराब नोंदीमुळे, फेटाळला गेला, तेव्हा कळलं की तिच्या नावावर ॲपवरची दोन कर्जं आहेत आणि हप्ते थकलेत. या बाईने कधी मिक्सरसुद्धा हप्त्यावर घेतला नव्हता. आधार-पॅनच्या झेरॉक्स घरच्या कपाटात. दीर "वहिनी, मोबाइल द्या जरा, गॅसचं केवायसी करतो" म्हणायचा आणि ओटीपी घ्यायचा. पैसे तिच्या जुन्या पगारखात्यात जमा झाले. त्याचं एटीएम कार्ड दिराकडेच असे. सगळं ऑनलाइन रमीत गेलं.

सासूबाईंचं म्हणणं, "लेकरू चुकलं. तू भरून टाक, घरातलं घरात राहू दे." नवरा गप्प. आणि ती मला विचारते, "ओटीपी तर मीच दिला ना?" गॅसच्या केवायसीसाठी दिला होतात, कर्जासाठी नाही, एवढंच मी म्हटलं. तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

पोलिसांत जायचं की नाही, हा प्रश्न पहिल्या भेटीत मी बाजूला ठेवते. आधी गळती थांबवायची: जुनं खातं बंद, आधारचं बायोमेट्रिक लॉक, आणि सिबिलसकट कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही क्रेडिट कंपन्यांचे रिपोर्ट काढणं. प्रत्येकीचा एक पूर्ण रिपोर्ट वर्षातून एकदा मोफत मिळतो. मग कर्ज देणाऱ्या कंपनीकडे लेखी हरकत. गुपचूप हप्ते भरत राहिलात, तर उद्या "हे कर्ज माझं नाही" म्हणणं जड जातं. घरातली वडीलधारी मंडळी नेमका हाच सल्ला देतात, हे दुर्दैव.

दुसऱ्या भेटीत ती हरकतीचा मसुदा घेऊन आली. 'कोणी केलं' या ओळीपुढे जागा कोरी. "माहीत नाही लिहू का?" मी नको म्हटलं. दिराला वाचवायला खोटं लिहिलं, तर त्या खोट्याखाली सही तिची असणार होती.

कायद्याची भीतीही मोजून घ्यावी. दुसऱ्याची ओळख लबाडीने वापरली, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66सी खाली 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड आहे, पण गुन्हा जामीनपात्र आहे आणि काही अटींवर न्यायालयात तडजोडही होते. हे वकिलाकडून ऐकल्यावर नवऱ्याला कंठ फुटला. त्यानेच भावाला समोर बसवलं.

ठरलं असं: महिन्याच्या आत दोन्ही कर्जं दिराने पूर्ण फेडायची, कमी रकमेवर 'सेटल' करून नाही, कारण तो शेरा रिपोर्टवर डाग म्हणूनच राहतो. एक फिटलं. दुसऱ्यासाठी त्याने पुन्हा मुदत मागितली. तिने दिली नाही. नवऱ्याला बरोबर घेऊन सायबर तक्रार नोंदवली, त्यात दिराचं नाव लिहून.

मी तिच्या जागी असते तर आधीच गेले असते, पण त्या घरात राहायचं तिला होतं. सासूबाई सध्या तिच्याशी कामापुरतंच बोलतात. दीर रमीच्या व्यसनासाठी माझ्या एका सहकाऱ्याकडे येऊ लागलाय. दोघांचं समुपदेशन एकाच माणसाने करू नये, म्हणून मी त्याला घेतलं नाही.