पालीची भीती इंग्रजीत कशी सांगावी?

प्रश्न असा आहे: आजीला विजेची, बाबांना इंजेक्शनची आणि ताईला पालीची भीती वाटते. ही वाक्यं इंग्रजी कर्मणी प्रयोगात लिहायची, तर 'लिझर्ड्स आर फिअर्ड बाय ताई' चालेल का?

व्याकरणात बसतं, पण असं कुणी बोलत नाही. 'फिअर'पाशी अडून न राहता 'फ्रायटन' घ्या. त्याचा अर्थ घाबरणं नव्हे, घाबरवणं. पाल घाबरवते, म्हणजे पाल कर्ता आणि ताई कर्म. कर्मणी केलं की ताई आपोआप वाक्याच्या सुरुवातीला येते: 'ताई इज फ्रायटन्ड ऑफ लिझर्ड्स'. 'स्केअर्ड' आणि 'टेरिफाइड' यांचंही असंच. बाबांचं इंजेक्शन पाहूनच अवसान गळत असेल, तर त्यांना 'टेरिफाइड' द्या.

इथे 'बाय' का नाही, हे नीट पाहण्यासारखं आहे. भिंतीवरची पाल अचानक अंगावर पडली आणि ताई किंचाळली, तर 'शी वॉज फ्रायटन्ड बाय अ लिझर्ड'. तो एक प्रसंग झाला, पालीने काहीतरी केलं. पण पाल समोर नसतानाही मनात बसलेली भीती 'ऑफ'ने सांगतात. मग 'फ्रायटन्ड' जवळजवळ विशेषणच होतं, म्हणून त्याआधी 'व्हेरी'ही लागतं. रोजचं 'अफ्रेड' तरी कुठून आलं? 'अफ्रे' म्हणजे घाबरवणं या जुन्या क्रियापदाचं ते कर्मणी रूप. क्रियापद मागे पडलं, रूप तेवढं टिकलं. त्यालाही 'ऑफ'च हवा. 'अफ्रेड फ्रॉम' सर्रास ऐकू येतं, ते हिंदीतल्या 'से'मुळे असावं. आपण तर पाली'ला' घाबरतो किंवा पाली'ची' भीती वाटते म्हणतो.

'फिअर्ड' मात्र दोन ठिकाणी अगदी चपखल बसतं. एक, मराठीत जिथे दरारा किंवा धाक येतो तिथे. 'ही वॉज फिअर्ड बाय द होल व्हिलेज', म्हणजे अख्ख्या गावावर त्यांचा दरारा होता. दुसरं बातम्यांत: 'टेन फिअर्ड ट्रॅप्ड', दहा जण अडकल्याची भीती. इथे ते दहा जण कशाला घाबरलेत असा अर्थ नाही. त्यांच्याबद्दलची ही भीती बाहेरच्यांची आहे, आणि ती नेमकी कुणाची हे दोन्ही भाषा सांगत नाहीत.