नागपुरात डॉक्टरांनी बाबांचा 11 एमएमचा मुतखडा मशीनने फोडू म्हटलंय, चिरफाड न करता खरंच निघतो का?

हो भाऊ निघतो, पण प्रत्येक खडा नाही. यात बाहेरून धक्क्याच्या लहरी सोडतात, एक्सरे किंवा सोनोग्राफीत बघून त्या बरोबर खड्यावर आणतात, मधलं मांस पाण्याने भरलेलं म्हणून लहरी पार होतात आणि कडक खड्यावर आपटल्या की त्याचा चुरा होतो, मग तो लघवीवाटे निघतो. 1980 मध्ये म्युनिकला पहिल्या पेशंटवर हे केलं, मशीन डॉर्नियर या विमानं बनवणाऱ्या कंपनीचं.

11 एमएम म्हणजे साइज चालण्यासारखी आहे. पण खडा किडनीच्या खालच्या कप्प्यात असेल तर चुरा झाला तरी बऱ्याचदा तिथेच पडून राहतो, मग दुर्बिणीचं ऑपरेशन बरं. सीटी स्कॅन केला असेल तर डॉक्टरांना एचयू (खडा किती टणक ते सांगणारा सीटीतला आकडा) किती ते नक्की विचारा, 1000 च्या वर असेल तर खडा टणक, एका सिटिंगमध्ये फुटेलच असं नाही. बाबांना रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगा, विसरू नका हे.

नंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, घाबरू नका, पण थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली तर रात्रीच दवाखान्यात न्या, सकाळची वाट पाहू नका. आणि आपल्याकडे मे महिन्यात 45 डिग्री, सगळं पाणी घामात जातं, तेव्हा रोज अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी त्यांना पाजाच बाप्पा.