वाचकांचे प्रश्न : पाठांतर न येणाऱ्या मुलीलाही देव निवडतो का?

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची आहे. तिला पाठांतर जमत नाही. तिच्या बरोबरीच्या मुलांचे प्रथम कम्युनियन (वेदीवरची पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याचा विधी) कधीच झाले, पण धर्मशिक्षणाच्या वर्गात तिच्याबाबत दर वेळी ‘पुढच्या वर्षी पाहू’ असेच सांगितले जाते. देव दीनदुबळ्यांना निवडतो असे प्रवचनात ऐकले की वाटते, हे खरे आहे, की आमच्यासारख्यांची समजूत काढण्यासाठी म्हणतात? — एक आई

उत्तर : ताई, हे खरे आहे. वसईपासून गोव्यापर्यंत कितीतरी चर्चच्या आवारात लूर्ड्स मातेची, म्हणजे येशूची आई मरिया हिची, गुंफा असते आणि मातेसमोर गुडघे टेकलेली एक मुलगी दिसते. ती बर्नादेत सुबिरू. धर्मशिक्षणाची उत्तरे तिलाही पाठ होत नसत, आणि वयाच्या चौदाव्या वर्षीही तिचे प्रथम कम्युनियन व्हायचे होते.

दक्षिण फ्रान्समधील लूर्ड्स गावी ७ जानेवारी १८४४ रोजी ती जन्मली. वडिलांची पिठाची गिरणी हातची गेली आणि कुटुंबाला जुन्या तुरुंगाच्या एका खोलीत आसरा घ्यावा लागला. ती कोंदट जागा कैद्यांच्या प्रकृतीलाही अपायकारक म्हणून आधीच रिकामी करण्यात आली होती. लहानपणी झालेल्या पटकीनंतर तिला दमा जडला, तो जन्मभर राहिला. शेजारच्या गावी मेंढ्या राखायला ठेवले असताना तिथली घरधनीण तिला संध्याकाळी धर्मशिक्षणाचे पुस्तक शिकवू पाहत असे. पण ते फ्रेंचमध्ये होते, बर्नादेतची बोली निराळी होती आणि तिला अक्षरओळखही नव्हती. शिकवणारीचाच धीर सुटला. तरीही प्रथम कम्युनियनची तयारी करता यावी, या एकाच ओढीने ती जानेवारी १८५८ मध्ये घरी परतली.

११ फेब्रुवारीला घरात सरपण नव्हते, म्हणून ती बहीण आणि एका मैत्रिणीबरोबर नदीकाठी गेली. त्या दोघी थंड पाण्यातून पलीकडे गेल्या. दम्याच्या भीतीने बर्नादेत मागे राहिली आणि मोजे काढत असताना तिला गुंफेत ती स्त्री दिसली. पुढच्या एका दर्शनात तिने नाव लिहून मागण्यासाठी कागद-दौत पुढे केली, तेव्हा त्या स्त्रीने हसून ‘त्याची गरज नाही’ असे सांगितले आणि ‘पंधरा दिवस इथे येण्याची कृपा कराल का?’ असे विचारले. गावात जिला कुणी किंमत देत नव्हते, तिला स्वर्गाची राणी एवढ्या आदराने विनंती करते. मला या सगळ्या हकिगतीत हाच क्षण सर्वांत मोलाचा वाटतो, कारण आधी शिकून ये, मग बोलू, अशी अट मरियेने घातली नाही.

२५ मार्चला नाव कळले. ‘मी निष्कलंक गर्भसंभव आहे’ हे शब्द अर्थ न कळताच, विसरू नयेत म्हणून वाटभर पुटपुटत तिने धर्मगुरू पेरामाल यांना जाऊन सांगितले. मरिया आईच्या उदरात आल्या क्षणापासून पापाच्या डागापासून मुक्त होती, ही श्रद्धा पोप पायस नववे यांनी १८५४ मध्येच जाहीर केली होती; या मुलीच्या तोंडी ते शब्द ऐकून धर्मगुरू हादरले. बिशपांनी मात्र चौकशीला वेळ दिला आणि १८ जानेवारी १८६२ रोजी दर्शने खरी असल्याचे मान्य केले.

इथे एक गैरसमज टाळायला हवा. गरिबी किंवा अडाणीपणा हे काही पुण्य नव्हे. त्या कोंदट खोलीचे गोडवे गाणे हा तिथे राहिलेल्यांवर अन्याय आहे. देवाने जगातील दुबळ्यांना निवडले असे प्रेषित पौल करिंथ शहरातील ख्रिस्ती लोकांना लिहितो, आणि आपल्या दासीच्या दीन अवस्थेकडे प्रभूने पाहिले असे मरिया स्वतः गाते. दोन्ही ठिकाणी पुढाकार देवाचा आहे. माणसाने पात्रता सिद्ध करावी आणि मग देवाने प्रेम करावे, असा क्रम तिथे नाही.

निवड झाली म्हणून वाट सोपी होत नाही, हेही सांगायला हवे. १८६६ मध्ये बर्नादेत फ्रान्समधल्याच नेव्हेर गावी सिस्टरांच्या मठात गेली. पुढच्या वर्षी, व्रतग्रहणाच्या दिवशी, इतर सिस्टरांना कामे नेमून देण्यात आली. तिच्याविषयी मात्र ‘ही कशाच्याच उपयोगाची नाही’ असे सर्वांसमोर म्हटले गेले. तिथल्या बिशपांनी तिला प्रार्थनेचे काम दिले, आणि ती आजाऱ्यांच्या सेवेत मदत करू लागली. झाडूचे काम झाले की तो दारामागे ठेवतात, मरियेने माझा तसाच उपयोग केला, असे ती म्हणे आणि त्यातच आनंद माने. १६ एप्रिल १८७९ रोजी, अवघ्या ३५ व्या वर्षी ती वारली. ८ डिसेंबर १९३३ रोजी चर्चने तिला संत घोषित केले, ते तिला दर्शने झाली म्हणून नव्हे, तर ती ज्या निष्ठेने जगली त्यासाठी.

आता तुमच्या मुलीविषयी. कॅथोलिक चर्चच्या कायद्याचे ९१३ वे कलम मुलांकडून पुरेसे ज्ञान आणि काळजीपूर्वक तयारी मागते, पण ख्रिस्ताचे रहस्य त्यांनी आपापल्या कुवतीप्रमाणे समजून घ्यावे, असेच त्यात म्हटले आहे. सर्व प्रार्थना घडाघडा म्हणून दाखवण्याची अट त्यात नाही. म्हणून वर्गातल्या उत्तरावर थांबू नका. मुलीला घेऊन थेट धर्मगुरूंना भेटा आणि त्यांनी तिच्याशी तिच्याच शब्दांत बोलावे अशी विनंती करा. वेदीवरची भाकर ही नेहमीची भाकर नसून तिच्यात येशू आहे, हे तिला उमजले असेल आणि तो आपल्याकडे यावा असे तिला मनापासून वाटत असेल, तर तिची उरलेली तयारी कशी करून घ्यायची हे धर्मगुरूंनी ठरवावे. बर्नादेतचे प्रथम कम्युनियन ३ जून १८५८ रोजी, ख्रिस्तशरीराच्या सणाला झाले, आणि तेव्हाही तिला धड लिहिता-वाचता येत नव्हते.