वाचकांचे प्रश्न : काट्यावरचा वाद अध्यक्षांपर्यंत का येतो?

प्रश्न : आमची शेतकरी उत्पादक कंपनी तुरीची खरेदी करते आणि एक लहान डाळ मिल चालवते. मी कंपनीचा अध्यक्ष आहे. मोठ्या उद्योगपतींच्या दिनक्रमाविषयी वाचून मीही पहाटे उठू लागलो आणि दिवसाचे वेळापत्रक आखले. परंतु सकाळी मिल उघडली की काटा, हमाल, वीज, बँक आणि दारात उभे असलेले शेतकरी यांच्यापुढे ते वेळापत्रक तासभरही टिकत नाही. त्यांना जे जमते ते मला का जमत नाही?
— एक वाचक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : त्यांनाही ते फारसे जमत नाही. व्यवस्थापनशास्त्राचे कॅनडातील अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग यांनी पाच मोठ्या संस्थांच्या प्रमुखांचे कामकाज प्रत्येकी एक आठवडा जवळून पाहिले आणि १९७३ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. या प्रमुखांची निम्मी कामे नऊ मिनिटांच्या आत संपणारी होती. पुढे २०१८ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलचे मायकेल पोर्टर आणि नितीन नोहरिया यांनी २७ मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या प्रत्येकी १३ आठवड्यांच्या नोंदी अभ्यासल्या, तेव्हाही त्यांच्या वेळेतला सुमारे एक तृतीयांश भाग अचानक उद्भवलेल्या गोष्टी निस्तरण्यात जात असल्याचे दिसले. तेव्हा दिवसाचे तुकडे होतात याबद्दल स्वतःला दोष देऊ नये. पहाटे उठण्याचे म्हणाल, तर ओलिताच्या पाळीसाठी रात्री-बेरात्री उठणाऱ्या आपल्या सभासदांना त्याचे नवल सांगण्यात अर्थ नाही.

पाहायचे ते एवढेच, की आपल्यापर्यंत येणाऱ्या प्रश्नांपैकी किती प्रश्न खरोखर आपले आहेत. काट्यावरचेच उदाहरण घेऊ. शेतकऱ्याची ट्रॉली येते, पोत्यात सळई खुपसून नमुना काढला जातो, मशीन ओलावा १२.८ टक्के दाखवते, शेतकरी म्हणतो, दोन दिवस वाळवूनच आणली आहे, आणि काट्यावरचा मुलगा फोन लावतो, "भाऊ, तुमीच सांगा आता, का करू?" आपण जाता, समजूत काढता, अर्धा किलो इकडे-तिकडे करून वाद मिटवता. अर्ध्या तासाने दुसरी ट्रॉली येते आणि आधीच्या शेतकऱ्याला मिळालेली सवलत तिच्यासोबतच्या माणसाला एव्हाना ठाऊक झालेली असते. यात त्या मुलाची चूक नाही, कारण त्याच्या हाती नियमच दिलेला नाही.

शासकीय हमीभाव खरेदीत तुरीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ टक्के आहे. तीच आधाराला घेऊन संचालक मंडळाने ठरवावे, की तिच्या वर किती टक्क्यांपर्यंत वजनात कपात करून माल घ्यायचा, कपात किती करायची आणि कोणत्या आकड्यानंतर तो ओट्यावर वाळवायला सांगायचा. हे ठळक अक्षरांत काट्याशेजारच्या फलकावर लिहावे आणि त्यानुसार निर्णय देण्याचा अधिकार काट्यावरच्या माणसाला द्यावा. खरी परीक्षा त्यानंतर आहे, कारण एखाद्या दिवशी आपल्याच साडभावाची ट्रॉली काट्यावर लागेल आणि फोन थेट आपल्याला येईल. त्या दिवशी आपण सवलत दिलीत, तर फलक उतरवून ठेवलेला बरा.

असे नियम आणखी कुठे हवेत हे शोधण्यासाठी आठवडाभर खिशात वही ठेवावी आणि कोणी काय विचारायला आले एवढेच टिपावे. तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला, की तो नियमाचा विषय झाला असे समजावे. टोयोटाचे ताईची ओनो कारखान्याच्या जमिनीवर खडूने वर्तुळ काढून अभियंत्याला त्यात उभे करीत आणि समोरचे काम नुसते पाहायला सांगत. आपणही कधी तासभर एकही हुकूम न देता काट्याजवळ उभे राहावे. अध्यक्षाला हे बरेच जड जाते.

आणखी एक गोष्ट, थोडी कटू. उत्पादक कंपनीला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या पत्रात त्याचा उल्लेखही नाही. अनेक कंपन्यांत हे पद एखाद्या कृषी पदवीधराकडे असते आणि तो संगणकावर पावत्या भरत बसतो, तर त्याचे काम अध्यक्ष करतात. आपल्याकडेही तसे असेल, तर हमाल, वीज आणि काटा त्याच्याकडे सोपवावा. बँक, मोठ्या खरेदीदाराशी भाव ठरवणे आणि हंगामापूर्वी भांडवलाची तजवीज हे आपल्याकडे ठेवून त्यासाठी मिलबाहेरची, घरची किंवा ग्रामपंचायतीची, एखादी शांत जागा निवडावी.

प्रश्न : आमच्या बचत गटाचा हळद पावडरीचा व्यवसाय आहे. मासिक बैठक दोन-दोन तास चालते आणि काहीच ठरत नाही. काय करावे?
— एक भगिनी, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

उत्तर : अ‍ॅमेझॉनच्या जेफ बेझोस यांनी २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकीतील स्लाइड बंद करून लेखी टिपण आणण्याची प्रथा पाडली, बैठकीच्या आरंभी सर्वजण ते शांतपणे वाचतात. आपल्याकडे अर्धे पान पुरेल : किती हळद शिल्लक, किती उधारी थकलेली आणि आज कोणते दोन निर्णय घ्यायचे. अध्यक्षा ताईंनी ते मोठ्याने वाचावे, म्हणजे लिहिता-वाचता न येणारी सभासदही मागे राहणार नाही. उधारीचा विषय आधी घ्यावा, कारण शेवटी घेतला की निम्म्या जणी स्वयंपाकाला निघून गेलेल्या असतात.