'आयलंड'मधला मुका 'एस'

'आयलंड' हा इंग्रजी शब्द 'आइल' आणि 'लँड' जोडून झाला का, आणि उच्चारायचाच नाही तर त्यात 'एस' कशाला, असा प्रश्न आहे. 'आइल' आणि 'आयलंड' दोन्हींचा अर्थ बेट, लिहायलाही सारखे, त्यामुळे शंका रास्तच आहे. पण हे दोन शब्द एकमेकांचे कुणीच लागत नाहीत.

जुन्या इंग्रजीत बेटाला साधारण 'ईय' असा उच्चार असलेला शब्द होता. त्यालाच पुढे 'लँड' जोडला गेला. हा अस्सल जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या भाषाकुळातला शब्द, आणि त्यात 'एस' कधीच नव्हता. इंग्लंडच्या केंटमधल्या शेपी बेटाच्या नावात तो जुना शब्द आजही टिकून आहे. शेपी म्हणजे मेंढ्यांचं बेट. जर्सी, ऑर्कनी या बेटांच्या नावांच्या शेवटचा 'ई' त्याचाच नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन भाषेतला भाऊबंद.

'आइल' मात्र लॅटिन 'इन्सुला'वरून फ्रेंचमार्गे आला. 'पेनिन्सुला' म्हणजे जवळजवळ बेट, तो याच घरातला. स्वादुपिंडातल्या पेशींच्या पुंजक्यांना 'लँगरहान्सची बेटं' म्हणतात, त्यावरून नाव पडलेलं 'इन्सुलिन'सुद्धा.

पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या सुमारास लिहिणाऱ्यांनी दोन्ही शब्द एकच मानले आणि 'आइल'चा 'एस' 'आयलंड'मध्ये घातला. कर्ज या अर्थाच्या 'डेट'मध्ये 'बी'ही असाच मागाहून आला, पण त्याला निदान लॅटिन 'डेबिटम'चा आधार आहे. 'आयलंड'च्या 'एस'ला कसलाच आधार नाही. ती निव्वळ चूक, आणि इतकी रुजली की आता ती काढली तर शब्दच चुकीचा ठरेल.

हाच 'एस' आणखी एका शब्दात शिरला. चर्चमध्ये किंवा विमानात रांगांमधून जी वाट असते, तिलाही 'आइल'च म्हणतात. फक्त स्पेलिंग 'ए'पासून सुरू होतं. हा तिसराच शब्द. मूळ लॅटिन 'आला', म्हणजे पंख. चर्चच्या मुख्य दालनाच्या दोन्ही बाजूंचे भाग पंखांसारखे, म्हणून हे नाव. उच्चार जुळला म्हणून बेटाच्या 'आइल'शी गल्लत झाली आणि 'एस' आला. पुढे अठराव्या शतकात पंख या अर्थाचा फ्रेंच शब्द पाहून सुरुवातीला 'ए' लावला गेला, पण 'एस' काढायचं कुणी मनावर घेतलं नाही. विमानाच्या पंखाच्या मागच्या कडेला वरखाली हलणारी जी झडप असते, ती 'एलेरॉन', तिचं नाव त्याच फ्रेंच शब्दावरून आलेलं आहे. तिच्यात मात्र 'एस' नाही.